उन्हाने भाजलेल्या त्वचेवर कोरफड: पान कापण्यापासून पोपडे निघेपर्यंत

उन्हाने भाजलेल्या त्वचेवर कोरफडीचा गर लावला की लगेच गार वाटते. त्या गारव्यामुळेच कोरफड भाजणे बरे करते असा समज पक्का झाला आहे. गरात जवळजवळ ९९ टक्के पाणी असते. हे पाणी उडून जाताना त्वचेतली उष्णता सोबत नेते, आणि गरातले पॉलिसॅकराइड नावाचे चिकट घटक पाण्याला धरून ठेवतात, म्हणून हा गारवा साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. दाह थोडाफार कमी करण्याचा गुणही गरात आहे. मात्र अतिनील किरणांनी पेशींचे जे नुकसान केले ते तो भरून काढत नाही, आणि तो लावल्याने त्वचा झपाट्याने बरी होते असे म्हणायला आधार तोकडा आहे.

म्हणून कोरफडीकडे मधली पायरी म्हणून पाहावे. आधी गार पाणी, मग गर, मग मॉइश्चरायझर. बहुतेकांचे बिघडते ते पहिली किंवा तिसरी पायरी गाळल्यामुळे, नाहीतर पानातला पिवळा चीक गरात मिसळल्यामुळे.

आधी भाजले किती, ते पाहा

उन्हाचे भाजणे लगेच दिसत नाही. साधारण तीन-चार तासांनी त्वचा गरम लागू लागते आणि १२ ते २४ तासांच्या दरम्यान त्रास सर्वांत जास्त असतो. दुपारी उन्हात राहिलेल्या माणसाला संध्याकाळी थोडी आग होत असेल, तर रात्री ती वाढणारच. संध्याकाळी गर लावला आणि सकाळी त्वचा जास्त लाल दिसली, तर तो गराचा दोष नसतो. भाजणे आपल्या गतीने वर येत असते. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण दुसऱ्या दिवशी घाबरून चार वेगवेगळी मलमे एकावर एक चोपडतात.

सावळ्या आणि गडद त्वचेवर लाली सहज कळत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. झाकलेल्या भागापेक्षा उघडा भाग गरम लागतो का, स्पर्श सहन होत नाही का, त्वचा ताणल्यासारखी वाटते का, हे पाहा. नुसता रंग काळवंडला असेल आणि आग, दुखणे काहीच नसेल, तर ते रापणे आहे. कोरफडीने ते उतरत नाही. बारीक पुरळ येऊन भाजल्यापेक्षा खाजच जास्त असेल, तर ती घामोळी किंवा उन्हाची ॲलर्जी असू शकते आणि तिचा उपाय वेगळा असतो.

घरी कोरफड लावणे योग्य आहे ते लाली, आग आणि दुखणे एवढ्यापुरतेच. फोड आले असतील तर फुटलेल्या फोडांवर आणि उघड्या जखमेवर घरचा गर लावू नका. तो निर्जंतुक नसतो.

पान निवडताना

कुंडीतली प्रत्येक काटेरी, गरदार वनस्पती कोरफड नसते. सर्वांत धोक्याचा घोटाळा होतो तो घायपाताशी. घायपाताच्या रसात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि ते त्वचेत रुतून भयंकर खाज व फोड आणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोरफडीचे पान वाकवले तर काडकन मोडते आणि आत पारदर्शक, बुळबुळीत गर दिसतो. घायपाताचे पान चिवट असते, आत दोरासारखे तंतू असतात आणि टोकाला टणक, टोचणारा काटा असतो. शंका असेल तर पान वापरू नका. शोभेच्या कोरफडीच्याही पुष्कळ जाती आहेत. त्वचेवर लावायला जी सर्वत्र वापरली जाते ती पिवळ्या फुलांची, करड्या-हिरव्या रुंद पानांची जात.

रोप निदान दोन-तीन वर्षांचे असावे. सर्वांत बाहेरचे, खालचे, जाड पान घ्या. आतली कोवळी पाने काढली तर रोपाची वाढ खुंटते आणि गरही पातळ मिळतो. साधारण ३० ते ४० सेंटिमीटर लांबीच्या भरदार पानातून पाठ, खांदे आणि दोन्ही हातांना दिवसभर पुरेल इतका गर आरामात निघतो. धारदार, धुतलेल्या सुरीने बुंध्याजवळ एकच स्वच्छ काप द्या. पान ओढून उपटू नका, बुंधा फाटतो आणि तिथे कुज लागते. एका रोपावरून एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त पाने काढू नयेत, आणि काप वाळेपर्यंत काही दिवस त्या कुंडीला पाणी देऊ नये.

पिवळा चीक: इथे घाई करू नका

पानाचे तीन थर असतात. बाहेर हिरवी साल, सालीला लागूनच आत पिवळा कडू चीक वाहणाऱ्या बारीक नळ्या, आणि मध्ये पारदर्शक गर. या चिकात ॲलोइन आणि त्याच जातीची इतर द्रव्ये असतात. पोटात गेली तर ती तीव्र रेचक ठरतात (अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाची रेचके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली), आणि त्वचेवर लागली तर अनेकांना खाज सुटते, पुरळ उठते. आधीच भाजलेल्या त्वचेवर तर ती हमखास झोंबतात. ‘मला कोरफड सोसत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरे तर चीक सोसलेला नसतो.

चीक काढायला वेळ द्यावा लागतो, कष्ट नाहीत. कापलेले पान, कापलेली बाजू खाली करून, ग्लासात किंवा वाटीत उभे ठेवा. १० ते १५ मिनिटांत पिवळसर थेंब खाली जमतात. पान जाड असेल तर अर्धा तास ठेवा. मग कापाजवळचा दोन सेंटिमीटरचा तुकडा छाटून टाका आणि पान वाहत्या पाण्याखाली धुवा. जमलेला चीक कपड्याला लागू देऊ नका, डाग जाता जात नाही. हातालाही लागला तर डोळे चोळण्याआधी साबणाने धुवा.

नुसते उभे ठेवून सगळा चीक जात नाही. बाकीचा सोलताना आणि धुताना जातो.

गर काढणे

पान फळीवर आडवे ठेवा. दोन्ही काटेरी कडा लांबीच्या दिशेने, अर्धा ते एक सेंटिमीटर आत धरून कापून काढा. टोकाचा पातळ भागही टाकून द्या. तिथे गर कमी आणि चीक जास्त. आता वरच्या सालीखाली सुरी सरकवत साल उचला, मग पान उलटून दुसरी साल तशीच काढा. सालीला अगदी चिकटून कापू नका, दीड-दोन मिलिमीटर गर सालीवरच राहू द्या. चिकाच्या नळ्या नेमक्या तिथे असतात. हीच ती जागा जिथे काटकसरी लोक चमच्याने साल खरवडून शेवटचा थेंब काढायला जातात आणि मग अंगभर खाजवत बसतात. खरवडलेला गर हिरवट-पिवळा दिसतो. चांगला गर काचेसारखा पारदर्शक असतो.

निघालेली लांब फोड गार पाण्यात १० मिनिटे बुडवून ठेवा. पाणी पिवळसर झाले तर बदला आणि पुन्हा तेवढाच वेळ ठेवा. शेवटी गराचा वास घ्या. उग्र, लसणासारखा कडवट वास येत असेल तर आणखी एकदा धुवा.

यापुढे दोन वाटा आहेत. भाजलेली जागा लहान असेल, म्हणजे नाक, मान किंवा एखादा हात, तर मिक्सरची गरज नाही. फोडीचा बोटभर तुकडा कापून तोच त्वचेवरून हलक्या हाताने फिरवा. पाठीसारख्या मोठ्या भागासाठी गराचे तुकडे मिक्सरमध्ये तीन-चार सेकंदांच्या दोन झटक्यांत फिरवा. जास्त फिरवला तर गराची घडण मोडते, तो पाण्यासारखा पातळ होतो आणि अंगावरून ओघळतो. वर फेस येतो. १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला की तो बसतो. धागे नको असतील तर गाळून घ्या.

गर उकळू नका. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर त्यातले पॉलिसॅकराइड तुटू लागतात. पाणी धरून ठेवणारे घटकच गेले तर उरते फक्त चिकट पाणी.

त्यात काही मिसळावे का? शक्यतो नाही. पुदिन्याचे किंवा इतर सुगंधी तेल, कापूर, लिंबाचा रस यांतले काहीही भाजलेल्या त्वचेला चालत नाही. रंग टिकावा म्हणून व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; रंग खरेच टिकतो, पण त्या आम्लाने भाजलेली जागा चरचरते. आजच्या आज वापरायच्या गराला ते कशाला हवे?

अंगावर लावण्याआधी

कोरफडीची ॲलर्जी क्वचित असते, पण असते. कांदा, लसूण किंवा ट्यूलिप, लिली यांच्या संपर्काने ज्यांना पुरळ येते त्यांनी जास्त जपावे. खरी चाचणी अशी: कोपराच्या आतल्या बाजूला, न भाजलेल्या जागी, नाण्याएवढा गर लावून २४ तास वाट पाहायची. आज भाजलेल्याला एवढा वेळ नसतो, म्हणून ही चाचणी उन्हाळा सुरू होण्याआधी करून ठेवलेली बरी. ती राहून गेली असेल तर निदान अर्धा तास तरी थांबा. एवढ्या वेळात चीक राहिला असेल तर तो बहुधा खाजेने कळतो. उशिरा उठणारी ॲलर्जी मात्र यात पकडता येत नाही, तेव्हा पहिल्यांदा थोड्याच जागेवर लावा.

लावण्याचा क्रम

पहिली पायरी, उष्णता उतरवणे. सावलीत या आणि भाजलेल्या भागावर १० ते १५ मिनिटे गार पाणी सोडा, किंवा पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके ठेवा आणि ते गरम झाले की बदला. पाणी गार असावे, बर्फाचे नको. बर्फ थेट लावला तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या पेशींना गारठ्याची आणखी इजा होते. साबण नको, स्पंज नको, आणि फवाऱ्याची जोरदार धार तर नकोच. मऊ टॉवेलने टिपून घ्या, त्वचा थोडी ओलसर राहू द्या.

दुसरी पायरी, गर. तो फ्रिजमधला असेल तर उत्तम, फ्रीझरमधला नको. हात धुवा आणि एका वेळी लागेल तेवढाच गर वेगळ्या वाटीत काढा. अंगावर फिरलेला हात पुन्हा मुख्य डबीत घातला की डबी नासलीच समजा. मोठ्या माणसाच्या पूर्ण पाठीला दीड ते दोन चहाचे चमचे, एका हाताला पाऊण चमचा, चेहरा आणि मान मिळून अर्धा चमचा पुरतो. चोळू नका. तळव्याने टेकवत पसरा, म्हणजे चमकदार ओला थर दिसेल. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठांच्या आतली कड सोडून द्या. जाड थर दिल्याने गारवा वाढत नाही. वरचा गर वाळून पापुद्रा होतो आणि कपड्यांना चिकटतो.

१० ते २० मिनिटांत गर वाळतो आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते. हा क्षण महत्त्वाचा आहे. गरात तेलाचा अंश जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी उडाल्यावर त्वचेतला ओलावा अडवून धरायला काही उरत नाही. गरच पुन्हा पुन्हा लावत राहिल्याने त्वचा उलट कोरडी पडते आणि पोपडे लवकर सुटतात. म्हणून गर चिकट असतानाच, पूर्ण वाळण्याआधी, वर बिनसुगंधाचे हलके मॉइश्चरायझर लावा. प्रमाणासाठी बोटाचे माप वापरा: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढली की ती सुमारे अर्धा ग्रॅम होते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका हाताला अशा तीन रेघा, पाठीला सुमारे सात. पहिल्या दिवशी पेट्रोलियम जेली किंवा घट्ट तेलकट मलम लावू नका; त्वचेतून उष्णता अजून बाहेर पडत असते आणि जाड थर तिला कोंडतो. लोणी, तेल आणि टूथपेस्ट यांचेही तेच, शिवाय टूथपेस्ट झोंबते ते वेगळेच.

हा क्रम पहिल्या दिवशी जागे असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्या दिवशी तीन-चार वेळा. तिसऱ्या दिवसापासून आग कमी झाली की गर मागे पडतो आणि मॉइश्चरायझरच मुख्य होते. प्रत्येक वेळी नवा थर देण्याआधी जुना पापुद्रा गार पाण्याने धुऊन काढा.

याच्या जोडीला भरपूर पाणी प्या, कारण भाजलेली त्वचा शरीरातले पाणी ओढून घेते. सैल सुती कपडे घाला. दुखणे जास्त असेल तर आयबुप्रोफेनसारखी दाह कमी करणारी गोळी लवकर घेतल्यास जास्त उपयोगी पडते. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. १६ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. नावात ‘केन’ असलेली बधिर करणारी मलमे, म्हणजे बेंझोकेन वगैरे, भाजलेल्या त्वचेवर ॲलर्जी उठवू शकतात, ती टाळा.

लावल्यावर झोंबले तर

पहिल्या काही सेकंदांत किंचित चुरचुर होणे चालते. एक मिनिटानंतरही आग वाढतच असेल तर लगेच गार पाण्याने धुवा. कारण बहुधा तिन्हींपैकी एक असते: चीक राहिला, त्वचेला सूक्ष्म चिरा आहेत, किंवा ॲलर्जी. गर हिरवट किंवा कडू असेल तर चीक समजा. काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर लावलेल्या जागेच्या सीमारेषेवर नेमके पुरळ उठले तर ॲलर्जीची शक्यता जास्त. मग कोरफड कायमची बंद, गार पाणी आणि साधे मॉइश्चरायझर एवढ्यावर भागवा.

विकतचे जेल घ्यायचे असेल तर

रोप नसेल तर विकतच्या जेलने काही अडत नाही, उलट त्यातला चीक कारखान्यात बहुधा कोळशातून गाळून काढलेला असतो. डबीवरचे मोठे अक्षर सोडा आणि मागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. कोरफडीचा रस पहिल्या दोन-तीन नावांत हवा. तो परिरक्षकांच्याही (जेल नासू नये म्हणून घातलेल्या द्रव्यांच्याही) नंतर आला असेल तर नावापुरताच आहे. अल्कोहोल वरच्या नावांत असेल तर जेल ठेवून द्या, ते लावताना थंड वाटते आणि मागून त्वचा कोरडी करते. मेंथॉल, सुगंध आणि हिरवा रंग नकोत. गडद हिरवे जेल म्हणजे जास्त कोरफड, असे मुळीच नाही. गराला स्वतःचा रंगच नसतो. परिरक्षक असणे हा मात्र दोष नाही. खोलीत महिनोन्महिने टिकणाऱ्या पाणीदार जेलात परिरक्षक नसेल तर त्यात बुरशी वाढते.

डॉक्टरांकडे केव्हा

मोठ्या भागावर फोड, चेहऱ्यावर किंवा हातांवर फोड, ताप किंवा हुडहुडी, उलट्या, चक्कर, गोंधळल्यासारखे वागणे, डोळ्यांत दुखणे किंवा उजेड सहन न होणे, दोन दिवसांनीही वाढणारे दुखणे, फोडांतून पू. यांपैकी काहीही असेल तर गर बाजूला ठेवा आणि निघा. एक वर्षाखालील बाळ थोडेसे जरी भाजले तरी त्याला दाखवावेच. अगदी थोड्या उन्हाने खूप भाजले असेल तर सध्याची औषधे आठवा. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात, आणि ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवायला हवे.

उरलेला गर आणि पोपडे

बाहेर ठेवलेला गर काही तासांत गुलाबी-तपकिरी होऊ लागतो आणि आंबट वास येतो. स्वच्छ, हवाबंद काचेच्या डबीत, फ्रिजमध्ये तो चार-पाच दिवस टिकतो. एक आठवड्यानंतर कसाही दिसत असला तरी टाकून द्या. जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा, महिनाभर सहज चालतो. लावण्याआधी मात्र गोठलेला तुकडा वाटीत घालून पूर्ण विरघळू द्या, तो बर्फासारखा अंगावर फिरवू नका. न सोललेले पान कापलेले टोक गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा सोलणे सर्वांत सोयीचे.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पोपडे निघू लागतात. ते ओढू नका. लोंबणारा तुकडा धुतलेल्या कात्रीने कापा. खालची कातडी कोवळी असते आणि पूर्वीपेक्षा लवकर भाजते. कोरफडीच्या गराने ऊन अडत नाही, त्यामुळे तो लावून बाहेर पडणे म्हणजे उघड्या त्वचेने बाहेर पडणेच. शक्य तोवर ती जागा कपड्याने झाका. जिथे झाकता येत नाही तिथे निदान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, बाहेर पडण्याआधी १५ मिनिटे आणि मग दर दोन तासांनी. अंगावर गर असेल तर तो आधी धुवा आणि त्वचा कोरडी झाल्यावर सनस्क्रीन लावा. ओल्या गरावर ते सारखे बसत नाही, गुठळ्या होतात आणि मध्ये मध्ये उघडे पट्टे राहून तिथेच पुन्हा भाजते.